गनडॉग घरी आणताय? आधी बसून राहायला शिकवा

गेल्या दिवाळीत ओळखीतल्या एका जोडप्याचा फोन आला. त्यांच्याकडे दीड वर्षाचा वर्किंग कॉकर स्पॅनियल आहे, म्हणजे गनडॉग, बंदुकीच्या शिकारीत साथ देणाऱ्या जातींतला. वजन जेमतेम तेरा किलो. रोज दोन तास त्याला मैदानात चेंडूमागे पळवतात, तरी संध्याकाळी घरी येऊन पठ्ठ्या सोफ्याच्या उशा फोडतो. "अजून किती पळवायचं याला?" मी म्हटलं, पळवणं निम्म्यावर आणा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

रोज दोन तास चेंडू फेकणं म्हणजे कुत्र्याला तालमीत घालणं. महिनाभरात त्याचा दम वाढतो, मग अडीच तास लागतात, मग तीन. थकता तुम्ही. गनडॉगला खरं दमवतं ते नाकाचं काम आणि स्वतःला आवरून धरणं. मी इंग्लंडात श्रॉपशरमध्ये राहते. माझी काळी लॅब्रेडोर मिरी आता सहा वर्षांची आहे, आणि एवढी साधी गोष्ट कळायला तिची पहिली दोन वर्षं खर्ची पडली.

हे कुत्रं मुळात कशासाठी घडवलंय

शिकारी कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुधोळ, म्हणजेच कारवान, येतो. सडपातळ, नजरेनं सावज हेरणारा, सुटला की थेट पकडणारा. गनडॉगचं काम वेगळं. मारायचं काम बंदूकवाल्याचं. कुत्र्यानं पक्षी शोधायचा, उठवायचा, तो उडाला की जागच्या जागी बसायचं, कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं आणि सांगितल्यावरच जाऊन, दात न रुतवता, हातात आणून द्यायचा. शोधायची हौस ते जन्मतः घेऊन येतं. 'बसायचं' आणि 'सांगितल्यावरच' हे मात्र तुम्हाला शिकवावं लागतं.

या कुत्र्यांची चार घराणी आहेत. रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारी: लॅब्रेडोर, गोल्डन, फ्लॅटकोट वगैरे. लॅब्रेडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करायचे, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. म्हणून डबकं दिसलं की तुमचं लॅब आधी त्यात आणि मग तुमच्या गाडीत. ब्रिटनच्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, या जातीला 1903 मध्ये मान्यता दिली. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवणारे, शेपटी अखंड चालू. पॉइंटर आणि सेटर लांबवर वारा घेत पळतात आणि वास लागला की दगडासारखे थिजतात. पहिल्या फील्ड ट्रायलची (खऱ्या शिकारीतल्या गनडॉगच्या स्पर्धेची) जी नोंद सापडते, 1865 सालची, बेडफर्डशरमधल्या साउथहिलची, ती याच कुत्र्यांची. चौथं घराणं युरोपातलं हरहुन्नरी: विझ्ला, वाइमरानर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. शोधणं, थिजणं, आणणं, तिन्ही एकाच अंगात.

नवख्यांनी चौथ्या घराण्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. विझ्ला दिसायला तांबूस-सोनेरी, स्वभावानं गोड, फोटोत झकास. पण तो तुमच्या पायाला चिकटून राहणार आणि चार तास एकटा ठेवलात तर शेजारी तक्रार घेऊन येणार. घरातलं माणूस सतत घरी असेल तर गोष्ट वेगळी.

पिल्लू निवडताना

एकाच जातीत दोन वेगळ्या प्रजा असतात. शो लाइनचं, म्हणजे दिसण्याच्या स्पर्धांसाठी वाढवलेलं, लॅब रुंद, भारदस्त, जरा ऐसपैस; पुण्याच्या सोसायट्यांमध्ये दिसतं ते बहुधा असलं. वर्किंग लाइनचं, म्हणजे कामासाठी वाढवलेलं, त्याच्या निम्म्या रुंदीचं आणि दुप्पट चपळ. कॉकरमध्ये तर हा फरक इतका की दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. स्पर्धेत उतरायचं असेल तर वर्किंग लाइन घ्या. फक्त घरात सोबत हवी असेल आणि तुम्ही दोघं नऊ ते सहा बाहेर असाल तर घेऊ नका. इथे मी मुद्दामच गुळमुळीत बोलत नाहीये.

आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद मागा. खुब्याच्या एक्स-रेला इथे प्रत्येक बाजूला 0 ते 53 गुण देतात आणि जितके कमी तितकं चांगलं. कोपराला 0 हवा. डोळ्यांची तपासणी आणि जातीप्रमाणे जनुकांच्या चाचण्या वेगळ्या. पिल्लू आईपाशीच बघा. इंग्लंडात एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मध्यस्थ व्यापाऱ्यानं विकणं कायद्यानं बंद आहे. तेव्हा "आई आत्ता फिरायला गेलीय" असं कोणी म्हणालं तर चहासुद्धा न घेता निघा. केनेल क्लबच्या नोंदणीचा कागद त्याच दिवशी ताब्यात घ्या, पुढे फील्ड ट्रायलला तो लागतोच.

लॅब घेणार असाल तर आणखी एक. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे चारांतल्या एका लॅबच्या पोमसी नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि अशा कुत्र्याची भूक भागतच नाही. मिरी त्यातलीच असावी, निदान तिचा चेहरा तरी रोज तसं सांगतो. डब्यावर लिहिलेलं माप पाळा, शिकवताना दिलेला खाऊ त्या मापातून वजा करा, आणि आजी-आजोबा राहायला आले की पोळीचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

पहिले सहा महिने: घरातलीच शाळा

चेंडू फेकायचं प्लास्टिकचं डावलं विकत घेऊ नका. वाढत्या सांध्यांना ते भरधाव पळणं, गर्रकन वळणं मानवत नाही, हे एक. त्याहून मोठं कारण म्हणजे 'जे हवेत उडतं ते माझं' हा धडा तुम्हीच पिल्लाला रोज पन्नास वेळा देता आणि वर्षभरानं तोच पुसत बसता.

पिल्लू काहीही तोंडात घालून आलं तर ओरडू नका. माझ्याकडे सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा चार महिन्यांच्या मिरीनं त्यांच्या चष्म्याचं घर पळवलं, आत चष्म्यासकट. सासूबाई किंचाळल्या, मी मागे धावले, मिरी टेबलाखाली. तीन दिवस ती कोणतीच वस्तू माझ्याजवळ आणेना. आणलं की हिसकावतात, हे तिला एकदाच कळलं होतं. मग उपाय काय? जमिनीवर बसा, अंग बाजूला वळवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. ते आलं की छातीवर, गळ्याखाली खाजवा, वस्तूला हात लावू नका. दहा-पंधरा सेकंद मिरवू द्या. मग नाकाशी खाऊ धरा आणि 'सोड' म्हणा. चष्मा पुढे तसाच अखंड मिळाला. लॅबचं मऊ तोंड म्हणतात ते हे.

बाकी घरातला अभ्यास कंटाळवाणा आहे आणि तसाच असायला हवा. वाडगा खाली ठेवताना बसायचं, खूण केल्यावरच खायचं. दार उघडलं तरी बसायचं. गाडीची डिकी उघडली तरी उडी नाही. तुम्ही स्वयंपाक करताना त्यानं स्वतःच्या चटईवर लवंडायचं. पिल्लाला दिवसातले सोळा-अठरा तास झोप लागते. कधी कधी आपण ज्याला मस्ती म्हणतो ती निव्वळ अपुरी झोप असते.

शिटी

आवाज माणसाच्या मूडप्रमाणे बदलतो, शिटी बदलत नाही. बर्मिंगहॅमच्या ॲक्मी कंपनीच्या प्लास्टिकच्या शिट्या इथे सगळे वापरतात. 210½ नंबर बहुतेक स्पॅनियलवाल्यांकडे, 211½ लॅबवाल्यांकडे. नंबर म्हणजे ठरलेला सूर, त्यामुळे हरवली तरी त्याच नंबरची दुसरी आणली की कुत्र्याला फरक पडत नाही. दोन घ्या.

खुणा मोजक्याच. एक लांब फुंकर म्हणजे थांब, बस, माझ्याकडे बघ. तीन-चार तुटक फुंकरा म्हणजे ये. जेवणाचा वाडगा खाली ठेवायच्या आधी रोज 'ये'ची शिटी वाजवा, पंधरा दिवसांत पिल्लू स्वयंपाकघरात घसरत येईल. लांब शिटी आधी अगदी जवळून, हात वर करून, ते बसतच असताना वाजवा. मग हळूहळू चालताना, मग दहा पावलांवरून, मग पळताना.

मी सुरुवातीला मराठीतूनच शिकवलं: बस, थांब, ये, आण, सोड. स्पर्धेतल्या परीक्षकांना भाषेशी देणंघेणं नसतं. पण एक घोटाळा झाला. आमच्या घरात 'बस' दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. "बस झालं आता", "बस का!", "बस चुकली". मिरी दर वेळी खाली बसायची, मग कोणीच तिला उठ म्हणत नाही हे बघून आपली आपण उठायची. शब्दाची किंमत गेली ती अशी. म्हणून मैदानावरचे शब्द घरच्या बोलण्यात नसतील असे निवडा. मी 'बस'ऐवजी 'ठाम' केलं.

थांबणं, म्हणजे खरा अभ्यास

बाजारात पक्ष्याऐवजी वापरायची कॅनव्हासची डमी मिळते, मोठी साधारण 450 ग्रॅमची, पिल्लाची त्याच्या निम्मी. सुरुवातीला जुन्या मोज्यात दुसरा मोजा कोंबून गाठ मारलीत तरी चालतं.

कुत्र्याला डाव्या बाजूला बसवा. मोजा समोर चार पावलांवर टाका, उंच नको, नुसता खाली सोडल्यासारखा. ते उठलं तर काही बोलू नका. गळ्यातली दोरी नुसती घट्ट धरलेली असू द्या. बसलं की पाच मोजा. आणि मग स्वतः जाऊन मोजा उचलून आणा. हो, तुम्ही. परत येऊन त्याला खाऊ द्या. दहातले सात-आठ वेळा तुम्हीच उचलायचं, दोन-तीनदाच त्याला पाठवायचं. शेजारी बघत असतात, त्यांना वाटतं ही बाई स्वतःच फेकते आणि स्वतःच आणते. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "कुत्रं कोण आहे तुमच्यात?"

पण याच खेळात पिल्लाच्या डोळ्यांकडे बघा. पहिल्या आठवड्यात नजर मोज्यावर खिळलेली, अंग थरथरतंय, मागचे पाय कधीही सुटतील असे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस ते मोज्याकडे बघतं आणि मग वळून तुमच्याकडे बघतं, 'जाऊ का?' म्हणून. त्या क्षणी पाठवा. उशीर करू नका. बक्षीस त्या वळून बघण्याला आहे. मी रोज दहा मिनिटं हा अभ्यास करायचे आणि त्यानंतर मिरी दोन तास मेल्यासारखी झोपायची. तासभर पळून आल्यावर मात्र ती चपला शोधत फिरायची.

आणायला पाठवताना घरातला चिंचोळा बोळ वापरा. दोन्ही बाजूंना भिंत, टोकाला दार बंद, परत यायला वाट एकच आणि त्या वाटेवर तुम्ही.

पुढचं: दिशा, वारा, धडाका

साधारण वर्षाचं झाल्यावर दिशा शिकवा. कुत्र्याला तुमच्याकडे तोंड करून बसवा, डावीकडे एक डमी, उजवीकडे एक, पाठीमागे एक. हात ज्या बाजूला पसराल तिकडची आणायची. हात सरळ वर गेला की मागची. सुरुवातीला शेवटी टाकलेलीच आणायला सांगा, कारण ती त्याच्या ताज्या आठवणीत असते. यातूनच पुढे 'ब्लाइंड' जमतं, म्हणजे कुत्र्यानं पडताना न पाहिलेली डमी फक्त तुमच्या हातावर आणि शिटीवर शोधायची.

स्पॅनियल असेल तर त्याला तुमच्यापुढे वीसेक पावलांच्या आत नागमोडी शोधायला शिकवा, वारा समोरून घेऊन. लांब गेलं की दोन तुटक फुंकरांवर वळवा. लॅबलाही वाऱ्याचा हिशेब शिकावा लागतो, पण तो तुम्ही शिकवत नाही. डमी उंच गवतात वाऱ्याच्या खालच्या अंगानं शोधू द्या आणि गप्प उभे राहा. गप्प राहणं मला सगळ्यात अवघड गेलं.

बंदुकीच्या आवाजाची ओळख घाईनं करून देऊ नका. एका माणसाला शंभर-दीडशे मीटरवर उभं करून दोन फळ्या एकमेकींवर आपटायला सांगा, इकडे कुत्र्याचं जेवण चालू असू द्या. अंतर आठवड्याआठवड्यानं कमी करा. इंग्लंडात दिवाळी आणि 5 नोव्हेंबरची बॉनफायर नाइट, म्हणजे इथली फटाक्यांची रात्र, अनेकदा लागून येतात. पिल्लाच्या आयुष्यातला पहिला धडाका तो ठरू देऊ नका. त्या दिवसांत पडदे ओढा, टीव्ही मोठा लावा, अंधारात फिरायला नेऊ नका.

रानात जाताना: मेंढ्या दिसल्या की दोरी, मग कुत्रं कितीही शहाणं असो. इंग्लंडात 1 मार्च ते 31 जुलै खुल्या रानात, मोअरवर म्हणजे झुडपी माळावर, दोरी दोन मीटरपेक्षा लांब चालत नाही, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. उन्हाळ्यात घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा. गवताचं कुसळ एकदा आत शिरलं की डॉक्टरशिवाय निघत नाही. गोचिडीही तेव्हाच बघून घ्या.

स्पर्धा

सुरुवात वर्किंग टेस्टनं करा. इथे जिवंत पक्षी नसतात, सगळं डमीवर. अठरा महिन्यांच्या आतल्यांसाठी पपी, मग नॉव्हिस, मग ओपन असे वर्ग असतात. चार-पाच कसोट्या: रांगेत चालताना उडालेली डमी, कुंपणापलीकडची, पाण्यातली, एखादी न पाहिलेली. बहुतेक ठिकाणी प्रत्येकीला 20 गुण. जातीच्या क्लबांकडे किंवा जवळच्या गनडॉग सोसायटीकडे नाव नोंदवा, आणि भाग घेण्याआधी एक दिवस नुसते डमी फेकायला मदतनीस म्हणून जा. तो दिवस पुष्कळ शिकवतो, वर दुपारचं सँडविच मिळतं.

नियमातल्या तीन गोष्टी नवख्यांना आयत्या वेळी कळतात. कसोटीच्या वेळी गळ्यात पट्टा नसतो, दोरी काढून खिशात. खाऊ द्यायचा नाही. आणि माजावर आलेल्या कुत्रीला प्रवेश नाही. म्हणून महिनाभर आधीपासून पट्ट्याशिवाय आणि खाऊशिवाय सराव करा.

मिरीची पहिली टेस्ट. पहिल्या दोन कसोट्यांत 17 आणि 18, मी मनातल्या मनात पेढे वाटले. तिसऱ्यात शेजारच्या बाईंच्या कुत्र्याची डमी उडाली, धडाका झाला, आणि मिरी कमानीतून बाण सुटावा तशी सुटली. मी लांब शिटी फुंकली. तिनं डमी उचलली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती नेऊन परीक्षकांच्या हातात दिली. परीक्षकांनी टोपीला हात लावला आणि कागदावर शून्य लिहिला. न सांगता धावणं, रांगेत कुंईकुंई करणं, डमी चावणं, पाण्यात जायला नकार, यांतल्या कशानंही कसोटी हातची जाते. चूक तिची नव्हती. घरी सराव करताना दर वेळी डमी तिचीच असायची. दुसऱ्या कुत्र्याला काम करताना बघत बसण्याचा सराव मी कधी दिलाच नव्हता. म्हणून निदान दोन कुत्री असलेल्या वर्गात जा, आणि तिथे अर्धा वेळ नुसतं बसा.

त्यापुढची पायरी फील्ड ट्रायल. ती खऱ्या शिकारीच्या दिवशी, हंगामातच: फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, मोअरवरच्या ग्राउज पक्ष्याचा 12 ऑगस्ट ते 10 डिसेंबर. तिथे मेलेला, कधी जखमी, कोमट पक्षी तुमच्या हातात येतो. माझ्यासारख्या शाकाहारी घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. मी दोन ट्रायल प्रेक्षक म्हणून पाहिल्या, कुत्र्यांचं काम बघून थक्क झाले, आणि डमीवरच राहायचं ठरवलं. त्यात काही कमीपणा नाही. इथे वर्षानुवर्षं फक्त वर्किंग टेस्ट करणारे खूप आहेत.

पुण्या-मुंबईच्या लॅबवाल्यांसाठी

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही, पण वर लिहिलेला जवळजवळ सगळा अभ्यास सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. भटक्या कुत्र्यांमुळे मोकळं मैदान मिळत नसेल तर गच्ची वापरा. नाकाचं काम तर घरातच: मोजा आधी दिसेल असा सोफ्यामागे, मग न दाखवता बाल्कनीतल्या कुंड्यांत, मग दुसऱ्या खोलीत उशीखाली ठेवा आणि 'शोध' म्हणा. पावसाळ्यात तर याच्याइतका उपयोगी खेळ नाही. टेकडीवर मोर असतील तर दोरी सोडू नका.

ऊन मात्र गांभीर्यानं घ्या. मार्च ते जून सराव सकाळी सातच्या आत. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. लॅब स्वतःहून थांबत नाही, तुम्ही फेकाल तोवर आणत राहील. जीभ चमच्यासारखी रुंद बाहेर आली, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर वेळ घालवू नका. सावलीत न्या, नळ किंवा बादली जे मिळेल त्यानं अंगभर पाणी ओता, पंखा लावा, आणि अंग गार करत करतच डॉक्टरांना फोन करा. आधी गार करायचं, मग रिक्षा.